पीक आक्काचं

४ जुलै
वडगावला टॅक्सवाल्याकडे. म्हणाला, "काका, डिव्हिडंड आलाय की! टॅक्सपण कापलाय. अजून थोडा भरावा लागेल." मी म्हटलं, एक रुपया आलेला नाही. त्याने कागदच समोर धरला. माझं नाव, माझा पॅन, चार वेळा आलेला लाभांश. पासबुकात मात्र काही नाही. न मिळालेल्या पैशांवर टॅक्स, ही नवीन तऱ्हा. शेजारी भाचा, आक्काचा दिलीप बसलेला, त्याच्याच गाडीवर गेलो होतो. त्याने सगळं वाचलं. येताना मला दारात सोडून तो तसाच पवनानगरला, आईकडे.

५ जुलै
प्रसादला सकाळीच धरला. फंडाचं ॲप त्यानेच फोनवर घालून दिलं होतं. म्हणे लाभांश आला की ॲप आपोआप त्याच फंडात परत टाकतं, खात्यात येतच नाही. "पप्पा, सुरुवातीला विचारलं होतं त्यानं, वाढ पाहिजे की नियमित उत्पन्न. तुम्हीच म्हणालात वाढ."
म्हणालो होतो. वाढ नको असं कोणता शेतकरी म्हणेल? उत्पन्न कुणाला द्यायचंय ते ॲपने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
खालचं खाचर गोदामवाल्याला विकलं तेव्हा थोरली बहीण असून आक्काने मुकाट सही केली. हिस्सा मागितला नाही. त्या खाचरातला दोन पोती इंद्रायणी तांदूळ दरवर्षी तिच्याकडे जायचा, म्हणून मीच शब्द दिला, "मुद्दल माझ्याकडं, पीक तुझं." खाचराचे पैसे फंडात टाकले, पीक म्हणजे त्याचा हा लाभांश. दीड वर्ष तिला सांगतोय, अजून काही आलं नाही म्हणून.

८ जुलै
पवनानगर. आक्का भाताच्या आवणीत, गुडघाभर चिखलात रोपं लावत. कंबर सरळ न करताच बोलली.
"कागदावर आलं आन् तुला ठावं न्हाई व्हय?"
"आक्का, ते आपोआप परत गुंतवतंय."
"आपोआप तांदूळ कदी कणगीत ग्येला न्हाई. कुनीतरी उचलून टाकतंय."
चहा विचारला नाही. बांधावरूनच जीपने परत.

१२ जुलै
आक्काला आधीचं द्यायचं तर फंडातली युनिटं विकावी लागतील. प्रसाद म्हणतो बाजार पडलाय, आत्ता नको. ही म्हणाली, "सही केली तेव्हा कागदावर पीक-बीक काही लिहिलं नव्हतं." लाज वाटली. तरी विकली नाहीत.

१५ जुलै
लाभांश यापुढे खात्यात, असं करून घेतलं. ॲप तीनदा विचारतं, नक्की ना? वर सल्ला, यामुळे तुमची वाढ कमी होईल. मेल्याला माझ्या वाढीची केवढी काळजी!
आक्काला फोन केला. दिलीपने उचलला. "सांगतो आईला, मामा." सांगितलं की नाही देव जाणे.

३ ऑगस्ट
टॅक्स भरला. स्वतःच्या खिशातून. आक्काचा फोन नाही.

१९ सप्टें.
लाभांश आला. खरोखर खात्यात. बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं. उद्या आक्काला कळवायचं.

२१ सप्टें.
राहिलं. हिने पत्र्यांचा विषय काढला, मागच्या पडवीत गळतंय. तिचंही खोटं नाही. ऑगस्टचा टॅक्स तरी यातून वळता करावा का?

२४ सप्टें.
आक्काचा फोन. आपणहून. बराच वेळ भाताचं बोलली, यंदा लोळलंय म्हणे. मग म्हणाली, "तवा लय बोलले रं तुला. दिलीपनं समजावलं, त्ये मशिनच तसं हाय. तू माजं खानार न्हाईस, मला ठावं हाय."
"असू दे, आक्का."
पैसे येऊन पाच दिवस झालेत, हे तोंडातून निघालं नाही. तिने विचारलंही नाही.
उद्या पवनानगरला जायला हवं. पासबुक नेऊ का, तेवढं ठरत नाही.