काजऱ्याची साल

१४ जुलै १९५९, मंगळवार

"परत पाठव!"

मामंजींनी सुंठीचा तुकडा बोटांत फिरवला, कानाजवळ नेऊन कडकन मोडला, जिभेवर ठेवला आणि एवढंच म्हणाले. मी उरलेली सुंठ फोडून बघितली. आतून किडीनं खाल्लेली, नुसता भुगा! वरून कशी गोरीपान दिसत होती.

मोतीबिंदूनं त्यांना आता समोरचं माणूससुद्धा धुक्यातल्यासारखं दिसतं. म्हणून तर गल्ल्यावर मी बसते. हे रेल्वेत सिग्नलवर — त्यांना हे जडीबुटीचं दुकान बघायला सवड कुठली. पण डोळे गेले तरी डहाणूच्या बाजारात सासऱ्यांच्या जिभेचा दबदबा तसाच आहे. लोक पार उंबरगावहून वनस्पती घेऊन येतात — "काका, जरा चाखून सांगा, खरी का?" मामंजी डोळे मिटतात, तुकडा तोंडात धरतात. आणि दुकानात सगळे गप्प! मीसुद्धा. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, अजून अंगावर काटा येतो.

१५ जुलै

पाऊस. गिऱ्हाईक नाही. मामंजींनी शिकवलं — पूड कधी विकत घ्यायची नाही. साल घ्यायची, मूळ घ्यायचं, आख्खं बी घ्यायचं. पुडीत काय आहे ते कुटणाऱ्यालाच ठाऊक!

१६ जुलै, गुरुवार

नवशी आली नाही. दर पावसाळ्यात वेवजीहून कुड्याची साल तीच आणते, पण तिकडे नदीला पूर आहे म्हणे. इकडे घरोघरी आव. जो तो कुडाच मागतोय आणि बरणी रिकामी.

दुपारी एक नवाच दलाल आला, गुजरातीत गोड गोड बोलणारा. पोतं टाकलं. "एकदम असली छे!" मामंजींनी वरचा तुकडा घेतला, जिभेवर ठेवला. जरा वेळ थांबले. म्हणाले, "कडू आहे. ठेव."

मला ते पोतं ओलसर वाटलं. बोलले नाही. मामंजी "ठेव" म्हणाल्यावर मी कोण बोलणार?

१८ जुलै, शनिवार

रात्र बरीच झाली. तरी लिहिते. लिहिलं नाही तर झोप लागायची नाही.

सकाळी हंसा आली होती, वरोरची. बोंबील विकायला येते, जाताना आमच्याकडून काहीबाही नेते. तिच्या नवऱ्याला, नारूला, आव पडत होती. मी पोतं सोडलं, तिलाच पहिली पुडी बांधून दिली. नेहमीचं सगळं सांगितलं — थोडी उकळ, घोट-घोट दे, पोरांना देऊ नको, ताप चढला की रक्त फार गेलं की सरळ दवाखाना गाठ. ती हसली. "दर वारी तेच सांगतेस गो बाय!"

दुपारी पोतं वाळवायला ओटीवर पसरलं. निम्मे तुकडे नेहमीचे — तपकिरी, खरबरीत. बाकीचे राखाडी, आणि त्यांवर गंजासारखे नारिंगी डाग. कुड्याला असे डाग मी कधी पाहिले नव्हते. एक तुकडा जिभेच्या शेंड्याला नुसता टेकवला —

देवा! कुड्याचा कडूपणा हळूहळू येतो, घशाशी जाऊन बसतो. हा टेकवताक्षणी चावला. थुंकले, चुळा भरभरून तोंड धुतलं, तरी जाईना.

धावत मामंजींकडे नेला. त्यांनी जिभेला लावलाच नाही. बोटांनी चाचपत राहिले. त्या डागांवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"काजरा आहे हा. कुणाला दिलीस?"

काजरा म्हणजे कुचला, जहर. बिया विषारी, साल विषारी. शुद्ध केल्याशिवाय जाणता वैद्यही हात लावत नाही. "एकट्या हंसाला," म्हणताना मला रडू फुटलं. मामंजींनी माझं मनगट धरलं, घट्ट. "रडायला वेळ नाही. नीट ऐक. तो प्याला असेल तर अंग ताठेल, झटके येतील. अंधार कर. आवाज होऊ देऊ नको, जरासाही नाही. अंगाला हात लावू नका. ओकारी काढायला जाऊ नका. आणि डॉक्टर आण. यावर माझ्या दुकानात औषध नाही. डॉक्टरच."

हे नुकतेच ड्यूटीवरून आले होते. तसेच सायकलवर दवाखान्याकडे सुटले. मी टांग्यात. रस्ताभर चिखल, घोडं पाय टाकीना.

वरोरला पोचले तर दारात गर्दी, गलका. हंसाची सासू विठाबाई ऊर बडवत होती — "माझ्या पोराला लागलं गो काहीतरी!" नारू जमिनीवर. जबडा मिटलेला, ओठ मागे ओढलेले. बाहेर कुणीतरी हाक मारली आणि त्याची पाठ धनुष्यासारखी वर उचलली गेली! नुसत्या एका हाकेनं! डोळे मात्र टक्क उघडे. तो शुद्धीत होता. सगळं कळत होतं त्याला.

मी हंसाला बाजूला ओढलं, कानात सांगितलं. कसं सांगितलं, आठवत नाही. पुडी माझ्या दुकानातली, चूक आमची, एवढं सांगितलं. वाटलं, आता ही माझे केस धरेल. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग बाहेर गेली आणि दोन्ही हात वर केले. बोलली नाही. नुसते हात वर.

आणि पाडा गप्प झाला.

हे मी कसं लिहू? कोळीवाड्यात पावसाळ्याचे दिवस. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, पुरुष घरी, ठोकाठोक, भांडणं, पोरं, कुत्री. ते सगळं थांबलं. एकीनं दुसरीला खूण केली, तिनं तिसरीला. हातोडे खाली ठेवले — ठेवतानासुद्धा आवाज नाही. कुणी कुत्री दोरीला बांधून लांब नेली, कुणी रडतं पोर पदरात घेऊन दूर बंदराकडे गेली. विठाबाईनं स्वतःच्या तोंडात पदराचा बोळा कोंबला. दारं-खिडक्यांवर गोणपाटं चढली. आत काळोख. बाहेर माणसं भिजत उभी, आणि एक शब्द नाही!

एक समुद्र तेवढा चालू होता. त्याला कोण गप्प करणार? पण त्याच्या आवाजाचा नारूला त्रास नव्हता. जन्मापासून ऐकलेला आवाज. त्या लाटांवर त्याचा श्वास टेकत होता असं मला वाटलं.

डॉक्टरांनी जीप लांबच उभी केली. ह्यांनी तसं सांगून ठेवलं होतं. अनवाणी आले, पाऊल न वाजवता. झोपेचं इंजेक्शन दिलं. हळूहळू नारूची मूठ उघडली.

बाहेर येऊन डॉक्टर कुजबुजले, "किती प्याला?" हंसा म्हणाली, "दोन घोट. कडू आहे म्हणून भांडं लोटलंन." डॉक्टर म्हणाले, "त्या लोटण्यानं वाचला. कदाचित. रात्र जाऊ दे."

मग माझ्याकडे वळले. मला वाटलं आता बोलणी. म्हणाले, "तुम्ही स्वतः आलात सांगायला? बाई, लोक लपवतात. मला काय झालंय तेच कळत नाही, आणि पेशंट हातचा जातो."

मला तिथे राहायचं होतं. हंसानंच टांग्यात बसवलं. "घरी जा. म्हातारा एकटा असंल."

१९ जुलै, रविवार

वाचला! सकाळी निरोप आला. झटके थांबले. डॉक्टर पुन्हा येऊन गेले, बोटीवर जायचं नाव काढू नको म्हणाले.

देवासमोर बसले तर काही मागायला सुचेना. नुसती बसून राहिले.

२० जुलै

पोतं मागच्या अंगणात खोल पुरलं. जाळायला निघाले होते — मामंजी म्हणाले, धूर नको. दलालाचा पत्ता नाही. बाजारात कुणी त्याला ओळखत नाही. त्याला तरी फरक ठाऊक होता का? की मुद्दाम? कोण जाणे.

मामंजी जेवले नाहीत. मी म्हटलं, "दोन्ही कडूच ना मामंजी, कुणीही चुकेल." ते म्हणाले, "हं."

२२ जुलै, बुधवार

विहिरीचं पाणी गढूळलंय. मामंजींनी निवळीचं बी हंड्याच्या आतल्या बाजूला घासलं, पाणी ओतलं. थोड्या वेळानं गाळ तळाला आणि वर पाणी आरशासारखं! लहानपणापासून बघतेय. पण आज ते म्हणाले, "ही निवळी काजऱ्याची सख्खी बहीण. कुळ एक, पान जवळपास तसंच."

मी हंड्यात बघतच बसले. एक बहीण पाणी निवळते आणि दुसरी — ! बनवणाऱ्यानं दोघींना शेजारी शेजारी ठेवलं आणि ओळखायचं काम आपल्यावर सोडलं.

२ ऑगस्ट

आता नवे नियम, माझे! पोतं आलं की तुकडा न् तुकडा उजेडात बघायचा, वरचा एक चाखून भागायचं नाही. ओलं परत. पूड परत. झाड कुठलं ते सांगता येत नसेल तर माल परत. कुडा संपला तर "नाही" म्हणायचं. पोटुशी बाई असेल तर दवाखान्यात पाठवायचं, पुडी द्यायची नाही.

मामंजींना वाचून दाखवले. वाटलं, रागावतील. म्हणाले, "मीच करायला हवे होते."

२३ सप्टेंबर

नारू आला! हंसाबरोबर, चालत. वाळलाय, पण आला. मी त्याच्या पायाशी वाकायला गेले तर मागे सरला. "काय करतेस बाय!"

बाकावर बसून पाणी प्याला. मग आपणहूनच बोलला. "मला सगळं कळत होतं. वाटलं, आता पुढल्या आवाजाला हाडं मोडतील माझी. मंग आवाजच येईना. आख्खा पाडा गप. रघ्या माझ्याशी वर्षं झाली बोलत नाही, त्याचा हातोडा थांबला तो मला कळला. कोण कोण गप्प बसलंय ते एकेक कळत होतं." थांबला. "एवढी माणसं माझ्यासाठी गप बसली, बाय."

मी त्याचा पेला पुन्हा भरला.

१० जानेवारी १९६०, रविवार

वेवजीला जाऊन आले! नवशीला मीच म्हटलं होतं — विकते मी, पण झाड धड ओळखत नाही. मला दाखव.

ती आणि तिचा नवरा काळ्या पुढे, मी मागे. कुडा लगेच ओळखला, जोडीजोडीनं लोंबणाऱ्या शेंगा. नवशी साल एका अंगानंच काढते, झाडाला अर्धं अंग ठेवते. "दुसऱ्या सालाला परत यायचं हाय ना," म्हणाली.

मग ती थांबली. बोट वर केलं. "तो काजरा."

मला वाटलं होतं, वाळलेलं, काटेरी, भुतासारखं काही असेल. आणि ते झाड! तकतकीत हिरवी पानं, आणि फांदीफांदीला नारिंगी फळं, संत्र्यासारखी. उन्हात नुसतं पेटल्यासारखं. मी हातच जोडले.

वर फांदीवर धनेश बसला होता, तो लांब चोचीचा पक्षी. फळ फोडून गर खात होता आणि बिया टाकत होता. एकेक, टप् टप्. काळ्या म्हणाला, "त्याला कोणी शिकवलं नाय." मला हसू आलं, आणि रडूही. त्याच्या एका बीनं माणूस जाईल, आणि हा मजेत न्याहारी करतोय!

किती वेळ उभी होते कोण जाणे. नवशी म्हणाली, "चल, बाय. त्याच्याखाली बसून भाकर नाय खायची."

घरी येऊन मामंजींना सगळं सांगितलं. फळाचा रंग, चकाकणारी पानं, पक्षी. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं.

१९ जानेवारी

उंबरगावचे एक वैद्य पिंपळी घेऊन आले. मामंजी म्हणाले, "सूनबाईला दाखवा." मला! वैद्य चपापले. मी मोडली, हुंगली, चाखली. चांगली होती. तसं सांगितलं. माझाच आवाज मला नवा वाटला.

२ फेब्रुवारी, मंगळवार

दूधवाला आला नाही म्हणून सकाळी गवती चहाच केला. घाईत डबा चुकला, साखरेऐवजी मीठ पडलं, दोन चमचे! मामंजींना आधी नेऊन दिला. माझा घोट घेतला आणि तशीच थुंकले. धावत ओटीवर गेले.

मामंजींची कपबशी रिकामी होती.

"झकास झालाय," ते म्हणाले. "साखर तेवढी जरा कमी घालत जा, पोरी."

मला ते ओलं पोतं आठवलं, आणि त्यांचं "कडू आहे. ठेव."