सात वेढे

९ जानेवारी, शुक्रवार

१.१०, २.५०, ४.०५. चारनंतर झोपलीच नाही.

मनू तेरा महिन्यांची झाली, रात्रीचं हे काही सुटत नाही. स्वाती तिच्या उठण्याच्या वेळा मोबाइलच्या ॲपमध्ये टाकते. मला बॉयलरची वही भरायची सवय, म्हणून मी आपला या डायरीत. कंपनीत कुणीतरी वाटलेली, बॅगेत पडून होती.

घरातली वाटणी अशी. दोनपर्यंत स्वाती, दोननंतर मी. चारला मनूला शालीत गुंडाळून अंगणात फेऱ्या. पळसदरी सगळी झोपलेली, कुत्रीसुद्धा. सहाला आई तिला घेते, मी अंघोळ करून साजगावला, सातच्या पाळीला. स्वाती साडेआठला कर्जतला लॅबमध्ये. दिवसभर मनू आईकडे.

आज अंघोळीला गेलो आणि बादली भरून वाहिली तरी तसाच उभा. किती वेळ, कोण जाणे.

१२ जानेवारी, सोमवार

१.३०, ३.००, ४.१०.

संध्याकाळी डॉक्टर. कान बरे, पोट बरं, वजन बरं. दाढा येतायत, होईल हळूहळू. हळूहळू म्हणजे किती ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. निघताना म्हणाले, झोपेसाठी घरचं काही उगाळून देऊ नका, जायफळ तर नाहीच.

स्वातीने घरी येऊन ते आईला जसंच्या तसं सांगितलं. जरा गोड करून सांगता आलं असतं. आई भाकरी थापत होती, मान वर केली नाही.

"आमी काय पोरांना इख घालत व्हतो का गं?"

स्वातीने बाळगुटीची सहाण धुतली, फळीवर उभी करून ठेवली. मी मधे पडलो नाही. मधे पडायची माझी पद्धत म्हणजे बाहेर जाऊन गाडी पुसायची.

१५ जानेवारी, गुरुवार

वेळा लिहीत नाही. लिहून काय होतंय.

सकाळी केळवलीजवळ गाडीवर डोळा लागला. लागला म्हणजे एवढाच, की समोर रस्ता होता आणि मग समोर ट्रक होता. त्याने हॉर्न दिला म्हणून हे लिहितोय. बाजूला थांबलो, हेल्मेट काढलं, पाणी प्यायलो. स्वातीला सांगितलं नाही. सांगून ती अजून जागी राहणार.

१७ जानेवारी, शनिवार

आज झोपलो. पाळीवर.

पावणेदोन वाजता खुर्चीत मान पडली. हूटर वाजला तेव्हा जागा झालो. काचेच्या नळीत पाणी दिसतच नव्हतं. बॉयलरला पाणी पुरवणारा फीड पंप बंद पडलेला. हूटर वाजला की आग आपोआप बंद होते, झालीही. पण त्यात बिघाड असता तर? पाणी संपलेल्या बॉयलरचं काय होतं ते आम्हाला ट्रेनिंगला फोटोत दाखवलं होतं. भिंत नव्हती त्या फोटोत. माणसं तर नव्हतीच.

पुढच्या पाळीचे कदम लवकर आले होते. त्यांनीच पंप बघितला. वही उघडली तर म्हणाले, "लिव्हू नको रं दिनेश. लेकरू हाय घरात."

नाही लिहिलं. पातळी ठीक, असं लिहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा खोटं लिहिलं. याच कदमांनी मला शिकवलं होतं, पाण्यात केमिकल टाकलं की आधी लिहायचं, मग हात पुसायचे. नाहीतर पुढचा माणूस परत टाकतो.

मला भीती वाटते. नुसती रात्रीची नाही. घड्याळात दोन वाजल्याचीही वाटते. पुन्हा झोपलो तर खाली चाळीस माणसं काम करतात.

१८ जानेवारी, रविवार

२ वे.

इतकंच लिहिणार होतो. पण कुठेतरी बोलायला हवं.

संध्याकाळी साडेसात. स्वाती बाहेरून आली की आधी अंघोळ करते. आई अंगणात कोंबड्या कोंडत होती. मी फळीवरची सहाण काढली, मसाल्याच्या डब्यातलं जायफळ घेतलं, दुधाच्या थेंबात दोन वेढे उगाळले. चमच्याने दिलं. मनूने तोंड वाकडं केलं आणि मग मलाच बघून हसली. सहाण धुऊन जागच्या जागी.

आईने मला दिलं, तिच्या आईने तिला. दोन वेढ्यांनी काय होतंय?

१९ जानेवारी, सोमवार

५.४०! एकदाही उठली नाही. मी मात्र चारला उठून बसलो, तिच्या नाकापाशी बोट धरून. श्वास लागत होता. तरी दर दहा मिनिटांनी बोट.

रात्री पुन्हा २ वे.

२१ जानेवारी, बुधवार

काल २. आज २. मनू साडेपाचपर्यंत गप. पाळीवर डोळे टक्क उघडे, पाण्याची पातळी डोळ्यांसमोर.

स्वाती खूश. ॲपमधला आलेख मला दाखवते. आपोआप लागली बघा सवय, म्हणते. आई गालात हसली. का हसली कोण जाणे.

२२ जानेवारी, गुरुवार

आज स्वाती अंघोळीला उशिरा गेली, मनू तिच्याच मांडीवर झोपली. मला काही देता आलं नाही. म्हटलं, आज जागरण.

(पहाटे) ४.३०. उठलीच नाही. मी काही न देता.

वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. जायफळ.

म्हणजे आई पण देते. दुपारी, मी पाळीवर आणि स्वाती लॅबमध्ये असताना. म्हणजे गेले चार दिवस दोघांचं मिळून. मनूला हलवून उठवलं, तिने डोळे उघडले, रडली, पुन्हा झोपली. बरं वाटलं रडली म्हणून.

आईला विचारायला हवं. पण विचारायचं तर मला कसं कळलं हे सांगावं लागेल. माझं मी बंद करतो. आईचं चालू राहू दे, तिचा हात सवयीचा आहे.

आता वाचलं तर किती सोयीचं लिहिलंय मी.

२४ जानेवारी, शनिवार

काल काही दिलं नाही. मनू पाचला उठली. ठीक.

आज आई खालापूरला मावशीकडे गेली. उद्या रथसप्तमी, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, मावशीने ठेवलंय. उद्या रात्री येईल. मी चारला घरी आलो तो आडवाच झालो. आई पाचला निघाली तेव्हा मी झोपेत हं म्हटलं.

उद्या रविवार असून मला पाळी आहे. कदमांच्या भाचीचं लग्न, त्यांच्या जागी मी. आई दुपारभर निघायच्या गडबडीत, म्हणजे आज मनूला कुणी काही दिलेलं नसणार. म्हणजे एकपासून जागरण, आणि सातला बॉयलर.

३ वे. एक दिवस. शेवटचा.

२५ जानेवारी, रविवार

हॉस्पिटलच्या बाकावर. कर्जत. दुपार.

क्रमाने लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

पहाटे मनू उठली नाही. सहा वाजता मी तयार होऊन निघालो, गाडी सुरू केली. डबा राहिला म्हणून परत आत आलो. डबा घेताना पाळण्यात पाहिलं. गाल लालभडक. हात लावला तर चटका. मनू म्हटलं, मन्या म्हटलं, गालावर पाणी मारलं. डोळे अर्धे उघडले, माझ्याकडे बघितलंही नाही. उचललं तर मान मागे पडली. जन्मली तेव्हा अशी पडायची.

शेजारच्या दत्तूची व्हॅन. स्वाती मागे मनूला घेऊन, सारखी हाका मारत.

डॉक्टरांनी विचारलं, काही दिलंय का? स्वाती म्हणाली, नाही. मग तिनेच वाकून मनूच्या तोंडाचा वास घेतला. माझ्याकडे वळली.

"आईंना फोन करा."

मी केला. तिच्यासमोर, स्पीकरवर. आई म्हणाली, "दोन येढे देते रं रोज. काल मी जानार म्हनून चार दिले, रातभर पुरावे म्हनून. काय झालं रं? दिनू? काय झालं?"

स्वातीने मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि बंद केला. डॉक्टरांना म्हणाली, सासूबाईंनी चार वेढे दिलेत. डॉक्टरांनी कागदावर चार लिहिलं. मी बघत उभा.

सलाईन लावलं. छातीचे ठोके फार जलद पडतायत, म्हणाले. स्वाती आत बसली. मी बाहेर आलो आणि डॉक्टर दुसऱ्या खोलीत जाताना त्यांना गाठलं.

"चार नाही. सात."

"मघाशी चार म्हणालात."

"सात आहेत. नक्की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणी दिले ते विचारलं नाही, आकडा खोडून सात केला आणि आत गेले. एवढं मी केलं. एवढंच केलं.

देवा, तिला उठव. रात्री दहा वेळा उठव. मी कधी तक्रार करणार नाही.

२६ जानेवारी, सोमवार

३.१०. उठली! रडली, सलाईनची सुई ओढायला लागली, स्वातीच्या केसांना धरलं. स्वाती हसत होती आणि रडत होती. मी बाथरूममध्ये जाऊन भिंतीला टेकलो.

डॉक्टर म्हणतात, धोका टळला. उद्या घरी.

२७ जानेवारी, मंगळवार

घरी आलो. आई परवापासून उंबऱ्यात बसलेली, फोननंतर खालापूरहून पहिल्या गाडीने आली म्हणे. मनूने तिला बघून हात पसरले. आई पुढे झाली नाही, दोन्ही हात पदराखाली घेतले.

स्वातीने रात्री हॉस्पिटलचे कागद लावताना ते वाचलं. चार खोडून सात.

"आई, तुम्ही चार म्हणाला होतात."

"चारच गं."

"इथे सात लिहिलंय. डॉक्टरांना कळतं ते. निदान खरं तरी सांगायचं."

स्वातीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. आई माझ्याकडे बघत राहिली. "चारच रं दिनू. तुजी शपत."

मी जमिनीकडे बघितलं. मनूला औषध द्यायचंय, म्हणालो.

२९ जानेवारी, गुरुवार

१.२०, २.४०, ४.०५. पहिल्यासारखं. दोन वेळांच्या मधे मी झोपत नाही, श्वास मोजतो. उठली नाही की भीती, उठली की भीती. पाळीवर उभ्याने काढतो, खुर्ची बाहेर ठेवून दिली.

स्वातीने सांगितलं, मनू उद्यापासून मोहोपाड्याला, तिच्या माहेरी. आठवडाभर ती रजा घेईल, मग सोमवार ते शनिवार तिकडेच. या घरात मनूला एकटं ठेवायचं नाही. म्हणजे आईपाशी ठेवायचं नाही. मी म्हटलं, थोडं थांब. तिने विचारलं, कशासाठी? सोमवारपर्यंत तरी, म्हणालो. शेवटी सोमवार ठरला.

३१ जानेवारी, शनिवार

संध्याकाळी आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मला वाटलं रडतेय. सहाणेवर जायफळ फिरवत होती, पाण्यात. पुटपुटत मोजत होती. एक, दोन, तीन, चार. पुसायची, परत एक, दोन.

मला बघून थांबली.

"माजीच मोजनी चुकली आसंल रं. हात चालतो आन् ध्यान नसतं. वय झालं आता माजं." मग म्हणाली, "बरं झालं पोर वाचली. नायतर मी कुटं फेडलं असतं?"

तिने स्वतःवरच संशय घेतला. माझ्यावर घ्यायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

मी बोलायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. "चहा टाक," एवढंच निघालं. मी भित्रा आहे. ट्रकला भ्यालो, हूटरला भ्यालो, पण या दोन बायकांना भितो तसा कशालाच नाही. स्वातीला कळलं तर ती मनूला घेऊन कायमची मोहोपाड्याला राहील. आईला कळलं तर ती मला लगेच माफ करेल. दुसरी भीती जास्त आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

४.०५. मनू खांद्यावर. एका हाताने लिहितोय, अक्षर असं आलंय ते त्यामुळे.

मनू आज मोहोपाड्याला जायची, आणि आई पण आत पिशवी भरतेय. खालापूरला मावशीकडे, महिनाभर म्हणते. दहाच्या गाडीने. पातळं दोनच घेतली आणि मनूचं एक जुनं टोपडं. ते मी बघितलं हे तिला माहीत नाही.

काल दुपारी कदम घरी आले होते मनूला बघायला. जाताना म्हणाले, पंप बदललाय, पण त्या दिवशीचं मी वहीत लिहिलं बाबा, मला झोप येईना. तुझं नाव नाही घातलं, पाणी किती खाली गेलं होतं तेवढं लिहिलं. पुढच्या माणसाला कळायला हवं.

म्हणून लिहितो. पुढच्या माणसासाठी.

१८ तारीख, दिनेश, २ वेढे.
१९, दिनेश, २.
२०, दिनेश, २.
२१, दिनेश, २.
२४, आई, ४. दिनेश, ३. एकूण ७.
आईची मोजणी बरोबर होती.

मनूने पेन ओढलं, वर रेघ गेली ती तिची. आता पाऊण तास ती अंगणात कोंबड्या शोधणार. कोंबड्यासुद्धा अजून झोपल्यायत.

स्वातीचा अलार्म साडेपाचचा. उठली की ती आधी ओट्यापाशी येते, दूध तापवायला. डायरी तिथे ठेवतो, सहाणेला टेकवून. आज मी पाळीवर लवकर जाणार नाही. दारातच थांबतो मनूला घेऊन, जेवढं थांबावं लागेल तेवढं.