लाल घरातला गोरख

भोर, ज्येष्ठ वद्य पंचमी
(१६ जून २०२५)

ती. बाळाअक्कास,
कुंडलिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र एसटीच्या कंडक्टरनं आणून दिलं. पासलीत घरात रेंज नाही, आणि टेकाडावर जी आहे ती तू सगळी लेकासाठी राखून ठेवतेस. भावाच्या वाट्याला कागद. असो.

गोरख आखातात दोह्याच्या गोदामात लागल्यापासून तुम्ही मायलेक मोबाईलवर लुडो खेळत होता. चहा उकळेपर्यंत डाव संपायचा. मधेच कुणी उठून गेलं तर त्याच्या सोंगट्या यंत्र चालवायचं, कुणाचं काही अडत नसे. आता तो गड लढवण्याच्या खेळात शिरलाय आणि लुडोकडे फिरकत नाही. म्हणून तू विचारतेस, मलाही तिथं जाता येईल का.

मी तो खेळ लावून पाहिला. आमच्या शास्त्रात काही कर्मं हौसेची: केली तर फळ, नाही केली तर दोष नाही. हा तुझा लुडो. काही नित्याची: केल्याचं पुण्य नाही, चुकवली तर मात्र पाप. हा गडांचा खेळ. रोज हजेरी, टोळीला सैन्य पुरवणं, लढाईत आपापला हल्ला. पाठशाळेत आम्हाला प्रतिपदेला तरी सुट्टी असे. इथं तीही नाही. तुला झेपणार नाही. पण तू ऐकणारी असतीस तर एवढं शास्त्र शिकून मी कुणावर पाजळलं असतं? टोळीत कसं शिरायचं ते मागच्या पानावर लिहिलंय.

लोभ टेकाडाच्या खालीही पोचू द्यावा.
तुझा कुंडलिक

---

पासली, ९ जुलै

चि. कुंडलिकास,
बाळाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं शास्त्र दोनदा वाचलं, तरी मी शिरले. गोरखच टोळीचा म्होरक्या, त्यानंच आत घेतलं. आई आहेस म्हणून कुणाला सांगू नको, एवढं बजावलं. मग सांजच्याला टेकाडावर जायचं आणि जे सैनिक तयार झाले असतील ते त्याला धाडायचे. एकदा ‘भारी’ असं लिहिलं त्यानं. माझ्या भाकरीला कधी म्हणालं न्हाई कार्टं.

तेवढ्यात लावणी आली. गेनबाच्या खाचरात आमची सावड होती. त्याची माणसं आमच्यात राबून गेलेली, आता आमची पाळी. चिखलातली रांग सोडून कोण बाई मोबाईल बघाय टेकाडावर जाईल? आणि नेमकी त्याच दिवशी टोळीची लढाई. म्या म्हटलं, सावडीत आपल्याला जमत नसलं की बदली माणूस देतात, तसं करावं. आदल्या सांजंला माझं समदं सैन्य टोळीत वाटून टाकलं अन् निर्धास्त लावणीला गेले.

तर त्या खेळात बदली चालत न्हाई म्हणं. ज्याचा हल्ला त्यानंच करायचा. टोळी थोडक्यात हरली. दुसऱ्या दिवशी वर गेले तर मोबाईलवर पाटी: तुम्हाला टोळीतून काढलं आहे. खाली काढणाऱ्याचं नाव. गोरखचं.

फोन केला तर म्हणाला, आई, नियम समद्यांना सारखा. म्या म्हटलं, बरोबर केलंस. पण कुंडलिका, पाळी चुकली म्हणून आमी अजून कुणाला गावातनं काढलं न्हाई रे.

जिवाला जप. पायाला तेल लावत जा.
तुझी अक्का

---

भोर, आषाढ वद्य षष्ठी
(१६ जुलै)

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून शास्त्र गिळलं आणि फोन उचलला. मामाच्या अधिकारानं पोटभर बोललो. भाचा निमूट ऐकतोय असं वाटलं; मग कळलं की त्याची एकीकडे लढाई चालू होती.

ती संपल्यावर बोलला. म्हणाला, मामा, इथं खोलीत कुणाची भाषा कुणाला येत नाही. दिवसभर दिसलो नाही तर कुठं होतास म्हणून विचारणारी तीच टोळी. मी चुकलो तर मलाही काढतील, मग कोण विचारणार? मी म्हटलं, तुझी आई. त्यावर म्हणाला, आई काय, लुडोत असतेच की, ती कुठं जातेय. तुझ्या खेळाचा गुण हाच की तो कधीही सोडता येतो. त्याचं दुर्दैवही तेच.

तरी रोज लुडोचा एक डाव टाकेन असा त्याच्याकडून शब्द घेतलाय. मीही अधूनमधून पिवळ्या घरात येऊन बसत जाईन. फार जिंकू नकोस. पोरगं लढायांनी दमलेलं आहे, आणि मी जन्मतःच.

ओढ आहे ती राहू द्यावी.
तुझा कुंडलिक

---

पासली, ३ ऑगस्ट

चि. कुंडलिकास,
अक्काचे आशीर्वाद.

शब्द पाळला त्यानं. रोज येतो. लाल घरात त्याचं नाव, त्याचा फोटू. सोंगट्या झपाझप चालतात. पहिल्या दिवशी मी टेकाडावर एकटीच हसले, तर गेनबाची म्हस माझ्याकडं बघाय लागली.

मग हळूहळू उमगलं. आधी माझी सोंगटी घराच्या तोंडाशी आली की गोरख ती कधी मारायचा न्हाई. दुसरीच हलवायचा, अन् वर म्हणायचा की दिसलीच न्हाई. आता दारातच मारतो. रोज. येतो, नाव लावतो, अन् लढाईला निघून जातो. पुढं खेळतं ते यंत्र.

मला कळलंय हे त्याला सांगू नको. सांगितलंस तर नाव लावायला बी यायचा न्हाई.

तू येतो म्हणालास, तर ये. पिवळ्या घरात बस. फकस्त लाल सोंगटी मारू नको. यंत्र असलं तरी वर त्याचं नाव आहे.

माया हाय तशीच.
तुझी अक्का