पिछाडीवरचा सेनापती

न्यूनेन, नेदरलँड्स
रविवार, संध्याकाळ

ती. गुरुनाथमामांना नीळकंठचा शिरसाष्टांग नमस्कार (साष्टांग कागदावरच, आठांपैकी पाच अंगं सध्या हलत नाहीत).

तुमचा गुडघा कसा आहे? मामींची शुगर? इकडे मीनल आणि आर्या मजेत. मी उभ्यानं जेवतोय आणि हे पत्रही ओट्यापाशी उभ्यानंच लिहितोय, त्यावरून काय ते ओळखा. इथल्या मराठी मंडळानं स्मरणिकेसाठी 'स्वयंसेवक घोडदळाच्या आठवणी, सेनापतींच्या शब्दांत' मागितल्यात. पण तुमची उभी हयात सैन्यात घोड्यांवर गेलेली, म्हणून पहिला खर्डा तुम्हाला. शिवाय दिवाळीत मिरजेला, खुंटीवरच्या तुमच्या खोगिरावर हात ठेवून तुम्ही म्हणाला होतात, "आघाडीवर बसून दाखव, हे तुझं." लहानपणापासून त्या खोगिरावर माझा डोळा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

तर यंदा शिवजयंतीच्या मिरवणुकीत घोडदळ हवं, असं मीटिंगमध्ये ठरलं. ठरवणारे सगळे आयटीवाले, घोड्याशी संबंध माथेरानच्या फोटोपुरता. (मी तिथेही पडलो होतो, पण ते छापायचं नाहीये.) सात स्वयंसेवक मिळाले, आणि सातही जणांना सरदार व्हायचं होतं, शिपाई कुणालाच नाही. सेनापतीपद माझ्याकडे आलं, कारण रायडिंग स्कूलशी ईमेल मीच करत होतो. थोडक्यात, निव्वळ खोगीरभरती. आठवी आमची आर्या. ती तिथे तीन वर्षं शिकतेय, म्हणून शोभेला घेतली. तिचा पोनी पिंडा. (इथे पिंडा म्हणजे शेंगदाणा. नाव ऐकून मीनलनं आधी देवाला हात जोडले.)

मी घोडा निवडला कायझर. काळाभोर, उंच, काय ती मान! तेव्हा शिकवणाऱ्या यानेकेबाई काहीतरी कळवळून सांगत होत्या, पण माझं डच सुपरमार्केटपुरतं, म्हणून मी ऑफिसात डोलावतो तशी मान डोलावली. मग महिनाभर आम्ही रिंगणात गोल गोल फिरलो. बाई सारख्या इंग्रजीत ओरडायच्या, "नील, तो लॅपटॉप नाही, बटण शोधू नकोस!"

आज सकाळी आठही घोडे रांगेत उभे. मी सगळ्यांत पुढे, भरजरी फेटा, कमरेला तलवार (प्लॅस्टिकची, खरीला खेमेन्ते, म्हणजे इथली नगरपालिका, परवानगी देईना). खेमेन्तेची आणखी एक अट होती, घोड्यांच्या मागून एकानं फावडं आणि ढकलगाडी घेऊन चालायचं. ते काम आमच्या विश्वासकडे. त्याला मी आदल्या दिवशी फार हसलो होतो. ढोल वाजला, मी गर्जना केली, टाच मारली. कायझर ढिम्म. पुन्हा टाच. ढिम्म. गाजर दाखवलं, ते खाल्लं आणि ढिम्म! रस्त्याकडेच्या डच आज्या मोबाइल काढून शूटिंग करायला लागल्या. तेवढ्यात यानेकेबाई धावत आल्या आणि यावेळी इंग्रजीत म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगितलं होतं! हा जन्मभर रांगेत शेवटी चाललाय. हा पुढे होणार नाही."

मागून आर्याचा डचमध्ये आवाज, पप्पा, बाजूला हो. कायझर तिचं ऐकून लगेच बाजूला झाला! पिंडा तुरुतुरु पुढे निघाला, त्याच्यामागे सगळे सरदार. कायझरनं एकेकाला अदबीनं वाट दिली आणि शेवटी स्वतःच्या हक्काच्या जागी रुजू झाला. माझ्या मागे फक्त विश्वास. तो अख्खी मिरवणूकभर विचारत होता, "सेनापती, पुढची आज्ञा?" त्याचा गळा दाबायला मला खाली उतरता येत नव्हतं.

पण नीट ऐका. चर्चसमोरच्या चौकात आम्ही गोल फिरलो, तेव्हा पिंडाचं तोंड कायझरच्या शेपटीला येऊन लागलं. म्हणजे त्या क्षणी आर्याच्या पुढे कोण होतं? मी! तेव्हा दिल्या शब्दाप्रमाणे खोगीर माझं झालं. कुरियरचा पत्ता खाली देतोय.

तुमचा भाचा,
सेनापती नीळकंठ

ता. क. विश्वासनं व्हिडिओ टाकलाय. घोड्याच्या मानेला मिठी मारून बसलेला तो इसम मी नव्हे. घोडा मात्र कायझरच आहे.

ता. क. २. मीनलनं पत्र वाचलं आणि एवढंच म्हणाली, "लाज नाही वाटत?" वाटते हो. आर्या सगळ्यांच्या पुढे ताठ बसून चालली होती आणि एकदाही मागे वळून बघत नव्हती, तेव्हा मला शेवटून सगळं दिसत होतं. मी रडलो, मामा. विश्वासला वाटलं, लागलंय.

ता. क. ३. ही पोरगी घरात कायम डचमध्ये उत्तरं देते. आज स्वतःहून मराठीत म्हणाली, "मिरजेच्या आजोबांना सांग, मी पुढे होते." तेव्हा कुरियरचा पत्ता तोच ठेवा, नाव तेवढं बदला. पट्टे मात्र पिंडाच्या मापाचे करून घ्या. तबेल्यापर्यंत खोगीर मी उचलून नेईन. तिच्या मागून.