दंडवत समजून रस्त्यावर टाकलेल्या पाण्याबाबत

प्रति,
मा. पोलीस उपनिरीक्षक साहेब,
पोलीस चौकी, चिंचफाटा,
ता. जि. परभणी.

विषय: धुरपताबाई भ्र. सटवाजी हिचे नाव अपघाताच्या गुन्ह्यातून कमी करणेबाबत.

संदर्भ: दि. ५ ऑक्टोबर १९९१ रोजीचा सायकल व ट्रक अपघात.

अर्जदार: नर्मदाबाई भ्र. भगवानराव दुधाटे, वय ६९, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, रा. चिंचफाटा.

महोदय,

सदर अपघातात मयत झालेला इसम बन्सीधर, वय ३८, हा अर्जदाराचा थोरला मुलगा. फिर्याद देणारा राधाकिशन हा धाकटा मुलगा. आणि जिच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला ती धुरपताबाई अर्जदाराची शेजारीण असून, ती लग्न होऊन या गावी आली तेव्हा तिची ओटी अर्जदारानेच भरली होती. तरी पुढील हकीकत वाचावी.

१. मयत परभणीच्या मोंढ्यात वजनकाट्यावर कामाला होता. नामांतराच्या बंदमध्ये गाड्या जागच्या जागी थांबत, तेव्हापासून त्याने एस.टी.चा नाद सोडला व सायकल धरली. मागच्या उन्हाळ्यात त्याने एका मासिकात परदेशातील शर्यतीचे चित्र पाहिले. त्यातील गडी कोपरे हँडलवर टेकून, दोन्ही हात पुढे जोडल्यासारखे धरून सायकलीवर आडवा झाला होता. मयताने वेल्डिंगवाल्याकडून दोन पाईप वाकवून घेतले, तसेच हँडलच्या मधोमध बसवले, व कोपराखाली जुन्या गादीचा कापूस घालून वरून ट्यूब गुंडाळली. असे आडवे झाले की वारा अंगाला लागत नाही, असे तो म्हणे. ब्रेक मात्र जुन्या हँडलवरच राहिले, घंटीही तिथेच. अर्जदाराने हे त्याला दाखवून दिले होते. तो म्हणाला, "आई, घंटी वाजवल्यावर इथं सरकतंय कोण? म्हशी का ट्रकवाले?"

२. सकाळी परभणीला जाताना वारा पाठीशी, म्हणून तो सरळ बसून जाई. संध्याकाळी परतताना वारा तोंडावर, म्हणून आडवा होऊन येई. हाच रस्ता पुढे पोखर्णीला नृसिंहाकडे जातो, हे साहेबांस ठाऊक आहे. लोकांनी पाहिले की हा माणूस देवाकडे जाताना हात जोडून आडवा असतो आणि देवाकडे पाठ असली की उभा. दंडवत घालणारा असाच आडवा होत जातो आणि असाच उभा परततो. बन्सीधरने सायकलीवर दंडवताचा नवस बोलला आहे, अशी बोलवा झाली. बैलगाड्या कडेला होऊ लागल्या. मागून येणारे ट्रक हॉर्न न वाजवता अदबीने मागे राहू लागले. पूर्वी रोज दोनदा तरी त्याला डांबरावरून खाली उतरावे लागे, ते थांबले. त्याला त्याची मौज वाटे. "ब्रेकपरीस नवस बरा," असे तो म्हणे.

अर्जदाराने धुरपताबाईस स्पष्ट सांगितले होते की नवस वगैरे काही नाही, हे वाऱ्यासाठी आहे. त्यावर ती म्हणाली, "मास्तरीणबाई, नवस का कुनाला सांगायचा अस्तो व्हय? लेकरू लय गुणाचं हाय तुमचं, म्हनून वाऱ्याचं नाव करायलंय."

३. दंडवत घालणाऱ्याच्या पुढे पाणी टाकण्याची रीत साहेबांच्या गावाकडे आहे की नाही, माहीत नाही. इकडे आहे. रझाकारांच्या वर्षी सासरे जिवंत घरी आले म्हणून अर्जदाराच्या सासूने याच रस्त्याने पोखर्णीपर्यंत दंडवत घातले. तापल्या जमिनीने अंग भाजू नये म्हणून अर्जदार घागरीने पाणी टाकत पुढे चालली होती. बांधावरच्या बाया येऊन तो ओला मुरूम कपाळाला लावत. एक मोटार आली, तिचा ड्रायव्हर खाली उतरून सासूच्या पाया पडला. मुरूम पाणी पिऊन घेई. डांबर पीत नाही. फरक एवढाच आहे, आणि तो सांगणारा फलक रस्त्यावर कुठेही लावलेला नाही.

४. दि. ५ रोजी शनिवार असल्याने रस्त्याला गर्दी होती व दिवसभराच्या उन्हाने संध्याकाळीही डांबर तापलेले होते. धुरपताबाई हापशावरून घागर घेऊन येत होती. मयतास आडवा होऊन येताना पाहून तिने चपला काढल्या आणि त्याच्या पुढे पाणी टाकले. चाक सरकले. हात ब्रेकपर्यंत पोचले नाहीत. मागचा ट्रक सावकाश होता, पण अदबीने फार जवळ होता.

अर्जदार रडली नाही असे गावात बोलले जाते. ते खरे आहे.

५. राधाकिशन म्हणतो, "भाऊ गेला, मंग कुनाचं तरी नाव लागंलच की." त्याचेही बरोबर आहे. साहेबांच्या कागदात तो रकाना असतो. रकाना रिकामा ठेवता येत नसेल तर त्यात पाईपांचे नाव लिहावे. ते जप्त होऊन चौकीच्या ओसरीत पडून आहेत. ते नियमात बसत नसल्यास वाऱ्याचे लिहावे. तो रोज संध्याकाळी ठरल्या वेळी त्याच जागी हजर असतो, समन्स बजावण्यास अडचण येणार नाही. तेही चालत नसेल तर अर्जदाराचे लिहावे. अर्जदारास कुठे जायचे नाही. धुरपताबाईस दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आहे. दर सोमवारी तिची चौकीवर हजेरी राहिली तर मुकादम तिला गाडीत घेणार नाही, आणि एकट्या सटवाजीलाही घेणार नाही. कोयता म्हणजे नवराबायको दोघे, हे साहेब जाणतात. दोघांचे वर्ष जाईल.

एक गोष्ट पंचनाम्यात राहून गेली आहे. मयत काही वेळ शुद्धीवर होता. माणसे लांब उभी राहिली. धुरपताबाईने त्याचे डोके मांडीवर घेतले आणि घागरीच्या तळाशी उरलेले पाणी ओंजळीने त्याच्या तोंडात घातले. अर्जदार पोचेपर्यंत सर्व संपले होते. ते काम आईचे होते. ते तिने केले. तेवढे तिच्या नावापुढे लिहून घ्यावे आणि बाकीचे कमी करावे, ही विनंती.

साहेबांच्या चौकीपासून हाकेच्या अंतरावर राहणारी,

(सही)
नर्मदाबाई भ्र. भगवानराव दुधाटे
चिंचफाटा, दि. २८ ऑक्टोबर १९९१

सोबत: फिर्याद मागे घेत असल्याबाबत राधाकिशन पि. भगवानराव दुधाटे याचे निवेदन, अर्जदाराच्या हस्ताक्षरात. त्याची सही अजून व्हायची आहे.