बाभळीचा भुसा

आई, भुसा फुकट मिळतो असं तू सगळ्या गल्लीला सांगायचीस. फुकट नव्हता. त्या डब्याच्या शेगडीपायी माझी फौजेची भरती गेली, पुढं पात्याखाली डाव्या तर्जनीचं टोक गेलं आणि मामानं आपल्या दारात यायचं सोडलं. एवढं सगळं धरूनही सांगतो, सौदा वाईट नव्हता. तू असतीस तर इथंच मला अडवलं असतंस, म्हणून आता लिहितोय.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. रॉकेलला ही रांग. मी मिरज रस्त्यावरच्या सॉ मिलमधून पोतंभर भुसा सायकलवर आणायचो. तू डब्यात मधोमध बाटली उभी करून तो ठासायचीस, मग बाटली अलगद काढली की त्या भोकातून जाळ वर यायचा. अण्णांच्या माघारी त्यांच्या फौजेच्या पेन्शनवर आपण जगलो, त्यामुळं तुझ्या लेखी फौज म्हणजे पक्की भाकरी आणि माझी मिल म्हणजे हमाली. "लाकडं कापायला एवढा वाढवला व्हय तुला?" मामा साताऱ्याहून भरतीचा निरोप घेऊन आला, तेव्हा मी ताट सरकवून म्हणालो, उद्या मिलचे मिस्त्री मला पातं लावायला देणार आहेत, ते नाही जमलं तर येतो. तू लगेच शब्द पकडलास. "ऐकलंस न्हवं दादा? न्हाई जमलं तर येतो म्हणतोय." मला जमणार नाही याची तुला केवढी खात्री!

बँडसॉचं पातं म्हणजे दातांचा लांबलचक पट्टा. एक दात किंचित डावीकडे वाकवायचा, पुढचा उजवीकडे, म्हणजे चीर पात्याच्या जाडीपेक्षा जरा रुंद पडते आणि पातं मोकळं पळतं. या वाकवण्याला आम्ही सेट म्हणतो. दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला, सेट कमी ठेवला. चीर बारीक, लाकूड वाचेल, शेठ खूश. मग बैलगाडीसाठी आलेला वाळका बाभळीचा ओंडका लावला आणि पातं किंचाळायला लागलं. फळी निघाली ती सापासारखी नागमोडी. मिस्त्री तंबाखू मळत म्हणाले, "पातं रडतंय गड्या. का रडतंय ते मी न्हाई सांगायचा. उद्या सकाळपत्तुर बघ, न्हाईतर जा मामासंगं परेड कर." रडणं मलाही ऐकू येत होतं, त्याचं कारण कळत नव्हतं. दात बोथट झाले असतील म्हणून दिवसभर कानस मारली. पातं उतरवलं, चढवलं. रडणं तेच.

संध्याकाळी तू त्याच ओंडक्याचा भुसा ठासून शेगडी पेटवतेस आणि ती पेटत नाही. नुसता धूर. मामा खोकत बाहेर जातो. तू डब्यातला भुसा चिमटीत घेऊन चोळतेस, वास घेतेस. "ह्यो भुसा न्हवं, पीठ हाय. अन् करपलंय बी." मी डब्यात डोकावतो. "जात्याचं दगड लय चिकटलं की असंच गरम पीठ पडतं. भरडायचं असलं की मधल्या खुट्याला चिंधी लावून वरचा दगड उचलतोय न्हवं? तसं काय न्हाई व्हय रं तुझ्या मिलात?" एवढं बोलून तू शेजारणीकडं जळण मागायला जातेस.

सकाळी मी दातागणिक केसभर जास्त वाक दिला. पातं गुणगुणत गेलं, फळी सरळ आली. मिस्त्रींनी विचारलं, कसं वळखलंस? "कानानं," मी म्हणालो. घरी मामालाही तेच सांगितलं, तुझ्यासमोर. तू चहा गाळत होतीस. "व्हय दादा, लय तिखट कान हायत पोराचं," म्हणालीस आणि फडकं पिळलंस. मामा चहा न घेताच एस्टीला गेला.

मी आजही तेच सांगतो. विश्रामबागेच्या पलीकडं माझी स्वतःची मिल आहे आणि तिथं येणाऱ्या प्रत्येक कारागिराला ऐकवतो, मी रस्त्यावरून आवाज ऐकून कुठल्या बाजूचे दात कमी वाकलेत ते ओळखतो, ह्या कानांना कुणी शिकवलेलं नाही. फौजेत न गेल्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. तुझ्या मनाविरुद्ध गेलो, पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन. पण तू मात्र तुझ्याच मनाविरुद्ध का गेलीस? ती एक संध्याकाळ धूर सोसून गप्प बसली असतीस, तर तुझा मुलगा वर्दीत दिसला असता. हे विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तर म्हणाली असतीस, "शेगडी पेटंना म्हणून बोलले, तुझ्यासाटी न्हवं."

हा कागद काही टपालात टाकायचा नाही. फक्त एक सांगायचं राहिलंय. गेल्या वर्षापासून माझ्या डाव्या कानात मिरजेच्या डॉक्टरांनी बसवलेलं ऐकायचं यंत्र आहे. पातं सुरू झालं की त्यात नुसती शिट्टी वाजते. म्हणून मिलमध्ये शिरताना ते काढून खिशात ठेवतो, आणि आधी वाकून भुसा चिमटीत घेतो.