तिसऱ्या सिलेंडरचा आवाज

राजूर, ता. भोकरदन
सोमवार

आदरणीय राजानंदमामांना मिथुनचा मानाचा जयभीम.

तुमची शुगर कशी आहे, मामीचे गुडघे कसे आहेत, आणि शहागडच्या पुलाकडच्या ओट्यावर बसून रोडनं जाणाऱ्या ट्रकांचे आजार सांगायचं अजून चालू आहे का, ते कळवा. आईनं विचारायला सांगितलंय की डॉक्टरनं चहातली साखर बंद केली तर ती तुम्ही बिस्किटातून घेऊन राह्यले का. (हे तिचं वाक्य आहे, माझं न्हाई.) इकडं आम्ही तिघं मजेत आहोत. चौथीची तब्येत मात्र बिघडल्ती, म्हणून हे पत्र.

चौथी म्हणजे आपली काळी-पिवळी जीप. मागच्या सोमवारी मी तुम्हाला तिच्या इंजनचं चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवल्तं. त्यावर तुमचं एवढंच उत्तर आलं की फोनवर इंजन ऐकत नसतो, लेखी द्या. मला राग आल्ता, खोटं कशाला बोलू. पण आई म्हणली, तुझ्या मामानं तीस वर्षं डेपोत चालकाच्या सहीचा तक्रारीचा कागद हातात आल्याशिवाय पान्याला हात लावला न्हाई, एकदा तर साहेबाची स्वतःची जीप दोन दिवस उभी ठिवल्ती, तू कोण लागून गेला. म्हणून नियमाप्रमाणे लिहून राह्यलो. माझं शिक्षण इंग्लिश मीडियमचं, त्यात डिप्लोमा मेकॅनिकलचा, त्यामुळं मराठीत एवढं लांब मी कधी लिहिलं न्हाई. चुकलं तर माफी असावी.

वाहनाचं वय माझ्यापेक्षा चार वर्षांनी जास्त. किलोमीटर किती, ते सांगता येत न्हाई. मीटर पाच आकड्यांचं आहे, ते चार वेळा पुन्हा शून्यावर आलं आणि पाचव्या वेळेला अर्ध्यातच बंद पडलं. तक्रार अशी की इंजन थंड असताना काही न्हाई, पण जरा तापलं की आतून टक टक सुरू होतं, आणि रेस दिली की जोरात. कुणी तरी आतून दार वाजवून राह्यलंय आणि आपण उघडून न्हाई राह्यलो, असं वाटतं.

आता यात अडचण काय झाली ते ऐका. आईनं आवाज ऐकला त्याच दिवशी सांगून टाकलं की हा आवाज सापडून बंद होईपर्यंत या गाडीत एकही शीट बसणार न्हाई. लोकांची लेकरंबाळं असतात, भर रोडवर इंजन फुटलं तर कोण जबाबदार? अप्पा म्हणले, गाडी उभी म्हणजे मी उभा. तुम्हाला माहीतच आहे, राजूर-जालना लाइनवर त्यांना सत्तावीस वर्षं झाली आणि आजारपण सोडून ते घरी बसलेले कुणी पाह्यले न्हाईत. तरी आईपुढं त्यांचं काही चाललं न्हाई. मंग आठ दिवस काय केलं त्यांनी? रोज सकाळी सातला आंघोळ करून, खाकी शर्ट घालून, काच पुसून दारातल्या उभ्या गाडीत स्टेअरिंग धरून बसले. दहा वाजता उतरून जेवले. परत जाऊन बसले. मामा, मला ते बघवलं न्हाई. पुढच्या मंगळवारी अंगारकी आहे, राजूरला पाय ठिवायला जागा नसते, आणि त्या दिवशी अप्पा असे दारात बसलेले असतील ह्या विचारानंच मी इंजनचं बॉनेट उघडलं.

त्याच्या आधी बाकीच्यांनी काय काय निदान केलं ते लिहिलं पाहिजे, कारण तुम्ही म्हणता तक्रार पूर्ण असावी. आपल्या लाइनवर प्रत्येक शीट मेस्त्री आहे. दूधवाले कारभारी म्हणले, टायमिंग चेन सैल झाली. (या इंजनला चेनच न्हाई. मी सांगितलं, तर म्हणले, मंग तेच कारण आहे.) देवळापाशी हार विकणाऱ्या उषाबाईंनी निदान न करता थेट उपचार केला, पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधून गेल्या. आई म्हणली, आपल्यात असलं करत न्हाईत. पण बाईचं मन मोडू नये म्हणून तिनं संध्याकाळपर्यंत ते राहू दिलं आणि मंग लिंबाचं सरबत केलं. मिरची अप्पांनी भाकरीसोबत खाल्ली. आवाज होता तसाच.

स्टँडमागचे रामकिसन मेस्त्री मात्र अनुभवी माणूस. त्यांनी फक्त दोन मिनिटं ऐकलं, तंबाखू थुंकली आणि सांगितलं की बेरिंग गेलं, रॉड वाजून राह्यला, यावर खर्चा करू नका. जालन्याला भंगारात द्या, तिथं भट्टीत वितळून सळई हुईल, कुणाच्या तरी स्लॅबमधी गुमान पडून तरी राहील. अप्पा शेजारीच उभे होते. त्यांनी शांतपणे मान हलवली, जसं काही दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं चाललंय. आणि पहिल्या दिवसापासून म्हणून राह्यले तेच परत म्हणले, आवाज कुठंय? मला तर येत न्हाई बुवा.

मंग मी हातात घेतलं. पहिल्या दिवशी लांब पेचकसाचं टोक इंजनला आणि मूठ कानाला लावून चारी सिलेंडर तपासले. (डॉक्टरसारखं ऐकू येतं, बिलकुल स्वच्छ.) तिसऱ्यापाशी आवाज सगळ्यात मोठा. दुसऱ्या दिवशी एकेका नोझलचा डिझेलचा पाइप ढिला करून पाह्यला. म्हणजे त्या सिलेंडरला डिझेल मिळत न्हाई आणि तो गप बसतो. पहिला ढिला केला, टक टक चालूच. दुसरा, चालूच. तिसरा ढिला केला आणि आवाज गायब! मामा, मला इतका आनंद झाला की मी गल्लीतल्या लोकांसमोर कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगवर इंग्लिशमधी पाच मिनिटं भाषण दिलं. अर्धं पुस्तकातलं, अर्धं व्हिडिओतलं. आणि तिसऱ्या दिवशी खालचं चेंबर खोललं.

खोलताना ऑइल काढून घ्यायचं असतं, हे त्या भाषणात नव्हतं. सहा लिटर काळं ऑइल माझ्या छातीवर आलं. आईनं मला दोन दिवस घरात घेतलं न्हाई, जेवणाचं ताट खिडकीतून दिलं. आणि एवढं करून बेरिंग पाह्यलं तर आरशासारखं. एक ओरखडा न्हाई. रामकिसन मेस्त्री मुद्दाम बघायला आल्ते. वाकून बेरिंग पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं आणि म्हणले, "काय रे, इंग्लिशमधून खोललं का मराठीतून?" त्यांचंही निदान बेरिंगचंच होतं, हे मी त्यांना सांगितलं न्हाई. वडीलधारे आहेत.

मंग रात्रभर पुस्तक वाचलं आणि लक्षात आलं की मी अर्धीच तपासणी केल्ती. तिसऱ्याचं डिझेल बंद केल्यावर आवाज जातो, म्हणजे दोष रॉडमधी असू शकतो, तसा डिझेल सोडणाऱ्या नोझलमधी पण असू शकतो. दोन्ही सारखंच वाजतात. ओळखायचं कसं? तिसरी नोझल काढून पहिल्याला लावायची आणि पहिली तिसऱ्याला. आवाज तिसऱ्यातच राह्यला तर रॉड. नोझलसोबत पहिल्यात गेला तर नोझल. शनिवारी चेंबर परत बसवलं, नोझला बदलल्या, गाडी तापवली, पेचकस लावला. आवाज पहिल्यात! म्हणजे लाखाचं दुखणं न्हाई, बोटाएवढ्या वस्तूचं. नवीन जालन्यात पंप-नोझलवाल्याकडं ती नेली. त्यानं मशीनवर लावून दाखवली, चांगली नोझल बारीक फवारा मारते आणि आपली लाळ गाळून राह्यल्ती. नवी आणून रविवारी अकरा वाजता बसवली. गाडी अर्धा तास चालू ठिवली. टक न्हाई की टुक न्हाई.

तरी आई मला मानून न्हाई राह्यली. म्हणते, राजानंदनं स्वतःच्या कानानं ऐकू दे, मंगच शीट बसतील. अप्पा म्हणतात बुधवारी सकाळी मी लाइनवर जाणार म्हणजे जाणार. म्हणून विनंती आहे की तुम्ही बुधवारच्या आत येऊन इंजन ऐकावं आणि आईला सांगावं. हे पत्र जालन्याच्या बसच्या ड्रायव्हरजवळ देऊन राह्यलो, ते पुढच्या बसवाल्याकडं देतील. नियमाप्रमाणे खाली चालकाचा शेरा आणि सही घेतली आहे.

तुमचा भाचा,
मिथुन

चालकाचा शेरा: गाडीला पहिल्यापासून आवाज नव्हता. पोरगं हौशी आहे. — अप्पाराव

ता. क. मामा, चालकाची सही झाल्यावर कागदावर एक अक्षर वाढवायचं न्हाई, हे मला माहीत आहे. अप्पा चहाला गेलेत म्हणून लिहून राह्यलो. वर एक गोष्ट लिहिली न्हाई, कारण ते वाचून सही करणार होते. शनिवारी मी अप्पांच्या हातात पेचकस दिला, म्हणलं तुम्ही पण ऐका. त्यांनी डोळे मिटले, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ ऐकलं. तेवढ्यात माझा हात भाजला म्हणून मी जाऊन इंजन बंद केलं. परत येऊन बघतो तर अप्पा तसेच वाकलेले. मला बघून मान डोलावून म्हणले, "हां, आता धरला. तिसराच आहे." चावी माझ्या हातात होती, मामा. मी म्हणलं, बराबर अप्पा.

आठ दिवस मला वाटून राह्यलं की ते गाडीची बाजू घेऊन राह्यले. ते बाजू घेत नव्हते. काल दुपारी फेरी मारायला गेलो, तर मागून एक ट्रक अर्धा किलोमीटर हॉर्न वाजवून राह्यल्ता, अप्पांनी साइड दिली न्हाई. तो शेवटी मातीत उतरून पुढं गेला. अप्पा म्हणले, बघ, हॉर्न न वाजवता घालतात.

म्हणून पाने आणू नका. इंजनला काही झालं न्हाई. असं करा, तुमच्याच कानाला कमी ऐकू येतंय, जालन्याला डॉक्टरकडं जायचंय, सोबत कुणी न्हाई, असं अप्पांना सांगा. दवाखान्याच्या शीटला त्यांनी आजवर न्हाई म्हणलेलं न्हाई. तिथं गेल्यावर दोघांचेही कान तपासून घ्या. मशीन लावून भागत असलं तर ते गाडी चालवतील. डॉक्टर न्हाईच म्हणले तर तुम्हीच सांगा. मी सांगू शकत न्हाई. मी तर बराबर म्हणून बसलो.

ता. क. २ (मंगळवार सकाळ). रात्री आईला सांगितलं. ती भाकऱ्या थापून राह्यल्ती, हात थांबला न्हाई. म्हणली, मला दिवाळीपासून माहीत आहे. देवानं न्हाई दिलं, इंजननं निमित्त दिल्तं गाडी उभी ठिवायला, राजानंद येईपर्यंत ते पुरलं असतं. तुला कुणी सांगितल्ती एवढी घाई?

म्हणून मी पहाटे उठून जुनी नोझल परत बसवली. नवी माझ्या दप्तरात आहे. टक टक जोरात चालू आहे, कारभारी एक पाय आत टाकून परत उतरले, उषाबाई नवीन लिंबू घेऊन येऊन राह्यल्या. अप्पा गाडी चालू करून स्टेअरिंगवर बसलेत. आत्ताच मला हाक मारून पाठीवर हात ठिवला आणि म्हणले, "मिथुन, एक नंबर काम केलं रे. बघ, कशी लोण्यावानी चालून राह्यली."

जल्दी या.